जुलैत घरचे सिएटलला येतायत: बेसबॉल, शहर आणि माउंट रेनिअर कसं बसवू?

कास_पठारी:

नमस्कार मंडळी,

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबा, दादा, वहिनी आणि भाचा कोरेगावहून आमच्याकडे लिनवूडला येतायत. आई-बाबा पुढे राहणार आहेत, पण दादाची रजा मोजकी. त्यामुळे जे काय दाखवायचं ते त्या तेवढ्यात.

माणसं कशी आहेत ते सांगते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, धोम धरणावर बरीच वर्षं होते. क्रिकेट सोडून दुसऱ्या कशाला ते खेळ मानत नाहीत. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या नको म्हणते, पण "तुम्ही जाऊन या, मी घरी बसते" असं कधीच म्हणणार नाही. दादा दर रविवारी कुठला ना कुठला किल्ला चढणारा, त्याने इथल्या बर्फाळ डोंगराचे, रेनिअरचे, फोटो बघून "वर पोचायला किती तास?" असं विचारून झालंय. भाचा तेरा वर्षांचा, त्याला बेसबॉलची मॅच बघायचीय आणि बॉल घरी न्यायचाय. वहिनी म्हणते, एक दिवस काहीही न करता बसू द्या, बास.

नवऱ्याने एक्सेल शीट केली आहे. शनिवारी उतरणार, रविवारी रेनिअर, सोमवारी संध्याकाळी मॅच, मंगळवारी स्पेस नीडल, पाइक प्लेस मार्केट आणि फेरीबोट एकाच दिवशी. तास पाडलेत अगदी. मला ती शीट बघूनच धाप लागते.

बाबा तीन तास मॅचला बसतील का? आईला डोंगरावर न्यावं का? आषाढी एकादशीही मध्येच येतेय, त्या दिवशी बाहेर असलो तर खायचं काय? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

चौकार_षटकार:

ताई, बाबांची काळजी सोडा. माझ्या सासऱ्यांना नेलं होतं. पहिली दोन इनिंग "हे काय, टप्पाच पडत नाही" असं चाललं होतं, नंतर तेच मला फील्डिंग कशी लावायला हवी ते सांगायला लागले.

जायच्या आधी घरी एवढंच सांगून ठेवा. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही बाजूंची बॅटिंग, तीन आउट झाले की बाजू बदलली. चेंडू बॅटला लागून पुढच्या काटकोनात गेला तर पळायलाच लागतं, "नको, थांब" हा प्रकार नाही. मागे कट मारला तर फाउल, रन नाही. लेट कट, लेग ग्लान्स सगळं वाया, याचं बाबांना वाईट वाटेल. पिचर, म्हणजे त्यांचा बोलर, साडेसाठ फुटांवरून टाकतो, आपलं पिच ६६ फूट, म्हणजे अंतर तसं ओळखीचंच. आणि ड्रॉ नसतो.

पूर्वी मॅच फार रेंगाळायची. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावलंय, बेसवर, म्हणजे पळताना थांबायच्या जागांवर, कोणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. आता बहुतेक मॅच अडीच-पावणेतीन तासांत उरकते. वन डे बघणाऱ्या माणसाला हे काहीच नाही.

बाबांना गोडी लावायची असेल तर कॅल रॅलीची ओळख करून द्या. मरिनर्सचा, म्हणजे सिएटलच्या टीमचा कॅचर, म्हणजे कीपरच. २०२५ मध्ये ६० होम रन, म्हणजे त्यांचे षटकार, मारले, कॅचरने एका सीझनमध्ये एवढे कधी मारले नव्हते. कीपर-बॅट्समन म्हटल्यावर आपल्या माणसांचे कान टवकारतात. आणि इचिरोचं सांगा. जपानहून २००१ मध्ये आला, २००४ मध्ये एका सीझनला २६२ हिट, तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. षटकार ठोकणारा नव्हे, एकेक रन चोरणारा गडी. बाबांच्या पिढीला तोच जास्त आवडेल.

टकोमाचे_तात्या:

शीट फाडा. म्हणजे नवऱ्याचा मान राखून एक कॉपी ठेवा, पण फाडा.

माझं म्हणणं एकच आहे: मॅच ठरवा, डोंगर ठरवू नका. मॅचचा दिवस ठरलेला असतो, तिकीट काढलं की विषय संपला. रेनिअरचं तसं नाही. मी टकोमात राहतो, तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, म्हणजे असायला हवा. जुलैतही सलग काही दिवस ढगात दडून बसतो. अडीच तास गाडी चालवत जायचं आणि पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढायचे, हे सातारकरांना महाबळेश्वरात पावसाळ्यात फुकट मिळतं. त्यासाठी इथवर यायला नको.

म्हणून असं करा. कामाच्या दिवसांपैकी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा आणि नवऱ्याला ऑफिसात सांगून ठेवू द्या की यातला कुठलातरी एक दिवस मी नसेन. पहाटे उठलं की रेनिअर नॅशनल पार्कच्या वेबसाइटवर पॅराडाइजचा, म्हणजे डोंगरावर जिथवर गाडी जाते तिथला, वेबकॅम बघायचा. खिडकीतून बघून ठरवू नका, कारण कित्येकदा खाली सिएटल-टकोमा करड्या ढगाखाली असतं आणि वर पॅराडाइजला लख्ख ऊन. वर स्वच्छ दिसलं की डबे भरा, निघा.

पहाटे पाहुण्यांना उठवायचं कसं, ही चिंताच नाही. भारताचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास पुढे, म्हणजे सगळं उलटं. पहिले चार-पाच दिवस ही मंडळी रात्री तीनला टक्क जागी असतात, चहा मागतात, आणि संध्याकाळी सहाला सोफ्यावर कलंडतात. याच्याशी भांडू नका, वापरून घ्या. पहाटे पाचला निघालात तर आठच्या आत पार्कच्या निस्क्वाली गेटवर. दहानंतर तिथे गाड्यांची रांग लागते, वर पार्किंग भरतं. शनिवार-रविवारचं तर नावच नको.

याच कारणाने सोमवारी संध्याकाळची मॅच नको. पावणेसातला सुरू होणाऱ्या मॅचला बाबा तिसऱ्या इनिंगला घोरतील आणि तुम्ही म्हणाल की त्यांना बेसबॉल आवडला नाही. रविवार दुपारची घ्या. टीम त्या आठवड्यात घरी आहे की बाहेर, ते मात्र आधी बघा. सावली हवी असेल तर थर्ड बेसच्या बाजूला, वर छज्जा येईल अशा मागच्या रांगेत बसा. आपल्या टीमचा डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, पहिल्या बेसकडे आहे, पण दुपारी तिकडे ऊन जास्त. स्टेडियमला सरकतं छत आहे, पाऊस आला की वर येतं, पण बाजूने उघडंच राहतं, त्यामुळे आईंची शाल घ्या. शेजारूनच रेल्वेचे रूळ जातात, मधूनच मालगाडी भोंगा वाजवते, दचकू नका.

गाडी अजिबात नेऊ नका. लिनवूडहून वन लाइन ही लोकल रेल्वे थेट स्टेडियम स्टेशनला जाते, बदलावी लागत नाही. मोठ्यांना तीन डॉलर. भाच्याला फुकट, राज्यभर १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बस, रेल्वे, फेरी सगळं फुकट आहे, पाहुणा असला तरी.

आता बाबा. धोम धरणावरचा माणूस आणि तुम्ही त्यांना स्पेस नीडल दाखवणार? १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला ६०५ फुटी मनोरा, ठीक आहे, खालून बघा, केरी पार्कवरून फोटो काढा, तिकिटाचे पैसे वाचवा. बाबांना बॅलर्ड लॉक्सला न्या. १९१७ सालचं काम. एका बाजूला तळ्याचं गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि भरती-ओहोटीप्रमाणे दोन्हींच्या पातळीत ६ ते २६ फुटांचा फरक. बोट कप्प्यात येते, दरवाजे मिटतात, पाणी सोडतात, बोट डोळ्यांदेखत खाली जाते किंवा वर येते. पंप नाही, सगळं पाण्याच्या स्वतःच्या उताराने. शेजारी सांडवा आहे सहा दरवाज्यांचा. खारं पाणी तळ्यात घुसू नये म्हणून मोठ्या कप्प्यात तळाशी आडवा पडदा उभा करतात, तो प्रकार बाबांना कोणीतरी नीट समजावून सांगा, नाहीतर ते तुम्हाला सांगतील. पलीकडे माशांसाठी २१ पायऱ्यांची शिडी, आणि खाली काचेतून सामन मासे चढताना दिसतात. जुलै हा त्यांचाच महिना. प्रवेश फुकट. एक अख्खी सकाळ ठेवा, घाईने बाबांना तिथून उचलून आणलंत तर रुसतील.

मीनाक्षी_बॉथेल:

तात्यांशी सहमत, फक्त आईंच्या बाजूने थोडं लिहिते, कारण त्यांचा विचार या धाग्यात अजून कोणी केलेला नाही.

पाइक प्लेस मार्केट उतारावर आहे, खालच्या किनाऱ्यावरून वर यायचं म्हणजे पूर्वी जिने चढायला लागायचे. २०२४ मध्ये ओव्हरलूक वॉक हा पादचारी मार्ग झालाय, लिफ्ट आहे. तिथूनच या-जा करा. मार्केट सकाळी नऊच्या सुमाराला बघा, फुलवाल्या बायका गुच्छ बांधत असतात, गर्दी नसते. मासे फेकणारे बघायला आई थांबतील की नाक दाबतील ते तुम्हाला ठाऊक. स्टारबक्सच्या रांगेत त्यांना उभं करू नका.

वहिनींचा "काही न करता बसायचा" दिवस म्हणजे बेनब्रिजची फेरी. चालत चढा, गाडी नको. ३५ मिनिटं जायला, खिडकीशी बाकडी, चहा थर्मासमध्ये. पैसे फक्त सिएटलहून जाताना घेतात, येताना नाही. बेटावर उतरून थोडं फिरा नाहीतर लगेच पुढच्या बोटीने परत या, कोणी काही म्हणत नाही. हवा चांगली असली तर बोटीवरूनच रेनिअर दिसतो.

एकादशीचं: मरिनर्सच्या स्टेडियममध्ये घरचं खाणं नेता येतं, सीलबंद प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणीही. काच नको, बॅगेच्या मापाचा नियम साइटवर बघा. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे लाडू, केळी. तिथले प्रसिद्ध फ्राइज लसणाचे असतात, ते आईंना आणून देऊ नका. भाच्याला मात्र सांगा की तिथे भाजलेले नाकतोडे मिळतात, मिरची-लिंबू लावून. तो घेईलच. वहिनींना आधी सांगू नका.

आणि आई-बाबांचा इन्शुरन्स निघायच्या आधीच काढा. गुडघ्यासारखं जुनं दुखणं त्यात कितपत धरतात ते वाचूनच घ्या.

कास_पठारी:

मीनाक्षीताई, तात्या, चौकार, मनापासून आभार. लॉक्सचं ऐकून बाबांनी फोनवर "दरवाजे रेडियल आहेत की सरकते?" असं विचारलं. आता मी काय सांगू.

नवऱ्याला "मॅच ठरवा, डोंगर ठरवू नका" वाचून दाखवलं. तो म्हणाला, शीटमध्ये एक कॉलम वाढवतो. असो.

अजून दोन गोष्टी. एक, आईला रेनिअरला न्यायचं की नाही हे कोणी स्पष्ट सांगितलं नाही. दोन, परदेशी पाहुण्यांना नॅशनल पार्कात माणशी १०० डॉलर जास्त पडतात असं ऐकलं, ते खरं का? चार मोठी माणसं म्हणजे ४०० झाले.

टकोमाचे_तात्या:

खरं आहे, पण रेनिअरला नाही. २०२६ पासून ११ पार्कांत तसं केलंय: यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन, ग्लेशिअर वगैरे. आपल्या राज्यातलं एकही त्या यादीत नाही. रेनिअरला गाडीचे ३० डॉलर, आत कितीही माणसं असोत. कार्ड ठेवा, रोख घेत नाहीत. आधी वेळ आरक्षित करायची भानगड कधी असते, कधी नसते, दरवर्षी बदलतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात पार्कची साइट बघा.

आईंना न्याच. पॅराडाइजचा गाडीतळ ५,४०० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याएवढा, आणि तिथवर गाडी जाते. दादाला हे सांगा, त्याला जरा लागेल. आईंसाठी मर्टल फॉल्सची वाट, डांबरी, जाऊन-येऊन मैलाच्या आत. धबधब्याच्या अगदी पुढ्यात जायला काही पायऱ्या आहेत, त्या सोडा, पुलावरून दिसतं तेवढं पुष्कळ. दमल्या तर पॅराडाइज इनच्या मोठ्या दालनात बसवा, लाकडी जुनी इमारत, १९१७ चीच, चुलाण्यापाशी खुर्च्या आहेत. फुलं जुलैअखेरपासून जोर धरतात, तुमच्या कासचीच आठवण येईल, आणि कासला जसं फुलांत शिरायचं नाही तसंच इथेही: वाटेवरून खाली पाय ठेवायचा नाही. फोटोसाठीसुद्धा नाही. वहिनींना, भाच्याला, सगळ्यांना सांगा.

दादाला आणि भाच्याला स्कायलाइन ट्रेल. साडेपाच मैलांचा फेरा, १,७०० फूट चढ, चार-साडेचार तास. जुलैतही वर बर्फाचे पट्टे असतात, तेव्हा स्पोर्ट्स शूज नाही, तळव्याला पकड असलेले बूट आणि हातात काठी. ६,८०० फुटांवर पॅनोरामा पॉइंट आहे, तिथून हिमनद्या समोर दिसतात. तिथून पुढे "अजून थोडं वर" असं दादा म्हणणारच. कॅम्प म्यूर या गिर्यारोहकांच्या तळाची वाट तिकडूनच जाते, १०,०८० फूट, सगळी बर्फावरून, धुकं आलं की तिथे भले भले चुकतात. त्याला तिथून परत फिरवायची जबाबदारी भाच्यावर टाका. शिखर १४,४१० फूट, त्याला परवाना, दोर, बुटांना लावायचे खिळे (क्रॅम्पॉन) लागतात, ते या खेपेला नाही.

भाच्याच्या बॉलचं राहिलंच. स्टँडमध्ये आलेला बॉल ज्याने पकडला त्याचा, परत द्यायचा नाही. पण होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे आणि बाजूला जाळी आहे, तिथे बसून काही येत नाही. गेट उघडल्या उघडल्या आत जा आणि आउटफिल्डच्या कठड्यापाशी उभं करा, मरिनर्सची टोपी घालून. खेळाडू सरावानंतर पोरांकडे बॉल फेकतात. ग्लव्ह द्या, आपल्या पोरांना उघड्या हाताने कॅच घ्यायची सवय असते, बोट मोडून घेईल.

आणि पेट्रोल वाटेत ईटनव्हिल गावाला भरून घ्या, पार्कात पंप नाही. फोनला रेंजही नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.