कायद्यातला एकतत्त्ववाद आणि तत्त्वज्ञानातला एकतत्त्ववाद: नातं खरं की नावापुरतं?

मध्यमा (धागाकर्ती)

एकतत्त्ववाद, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी एकच तत्त्व आहे हे मत, म्हटलं की आपल्याला आधी शंकराचार्य आठवतात, फार तर सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा. आंतरराष्ट्रीय कायद्यातही याच नावाचा एक पक्ष आहे (आंतरराष्ट्रीय कायदा आणि देशाचा कायदा मिळून एकच व्यवस्था, असं मानणारा) आणि तो निव्वळ नामसाधर्म्याचा मानला जातो. मला ते पटत नाही. धर्म, तत्त्वज्ञान आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांत युक्तिवाद एकच आहे: दोन गोष्टी मुळातूनच वेगळ्या मानल्या, तर त्यांना जोडणारा दुवा कुठून आणणार?

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने मन आणि शरीर ही दोन स्वतंत्र द्रव्यं, म्हणजे स्वतःच्या बळावर असणारी मूळ तत्त्वं, मानली. 1643 मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्रातून विचारलं की, जे जागाच व्यापत नाही ते मन शरीराला हलवतं कसं? देकार्तच्या उत्तरांनी तिचं समाधान झालं नाही. स्पिनोझाने तो दुवा शोधण्याची गरजच संपवली. द्रव्य एकच, विचार आणि विस्तार हे त्याचे गुणधर्म.

आता कायदा. 1899 मध्ये ट्रीपेल या जर्मन विद्वानाने मांडलं की आंतरराष्ट्रीय कायदा आणि देशाचा कायदा ही दोन वर्तुळं आहेत. फार तर एकमेकांना स्पर्श करतील, छेदणार नाहीत. हा कायद्यातला द्वैतवाद. मग करारातला हक्क नागरिकापर्यंत पोहोचणार कसा? संसदेने वेगळा कायदा केला तरच. ऑस्ट्रियन कायदेपंडित केल्सनचं उत्तर स्पिनोझाच्या वळणाचं आहे: दोन्ही नियम एकाच वेळी बंधनकारक आहेत असं म्हणायचं असेल, तर ते एकाच व्यवस्थेत असले पाहिजेत.

कलम_93

साम्य दिसतं, पण ते वरवरचं आहे. एकतत्त्ववादी देशाचं नेहमीचं उदाहरण म्हणजे नेदरलँड्स. तिथल्या घटनेचे अनुच्छेद 93 आणि 94 पाहा. सर्वांना बंधनकारक ठरू शकणारी करारातली तरतूद प्रसिद्ध झाली की लागू होते आणि तिच्याशी विसंगत देशी कायदा न्यायालय बाजूला ठेवतं. गंमत म्हणजे अनुच्छेद 120 नुसार संसदेचा कायदा घटनेशी सुसंगत आहे का, हे तपासायची तिथल्या न्यायाधीशांना मनाई आहे. करारावर घासून बघता येतो, घटनेवर नाही!

पण हे ठरवलं कोणी? डच घटनेने. केनियाने 2010 च्या घटनेत अनुच्छेद 2(6) घालून मंजूर केलेले करार देशाच्या कायद्याचा भाग केले. तेही घटनेनेच. म्हणजे हे एकत्व देशाने दिलेल्या परवानगीवर उभं आहे आणि घटनादुरुस्तीने परत घेता येतं. विश्वाचं मूळ एक आहे की अनेक, हे कुठली संसद ठराव करून बदलणार?

मध्यमा

क्रम उलटा लावताय. डच सर्वोच्च न्यायालयाने 1919 मध्येच आखेनच्या सीमाकराराच्या खटल्यात करार थेट लागू होतो हे मान्य केलं. घटनेत त्याला जागा मिळाली 1953 च्या दुरुस्तीत. न्यायालयाने आधी मानलेली गोष्ट घटनेने नंतर लिहून काढली.

ओवीकार

तुमच्या दोघांच्या वादात धर्म नावापुरता उरलाय, आणि खरी अडचण तिथेच दिसते. 'सगळं एक' हे म्हणणं सोपं. मग अनेकाचं काय करायचं? शंकराचार्यांच्या मते भेद व्यवहारापुरता, परमार्थाने नाही. रामानुजाचार्यांच्या मते ब्रह्म एकच, पण जीव आणि जड ही त्याचं शरीर, म्हणून भेदही खरा. ज्ञानेश्वर तर अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात अज्ञानाचंच खंडन करतात. एकाला झाकणारं दुसरं काही मानलं की एकत्व तिथेच मोडलं, असा तो रोख आहे, आणि माझ्या मते मराठीत इतका धीट विचार दुसरा झालेला नाही. मध्वाचार्य या सगळ्यांना नाकारून ईश्वर, जीव आणि जड यांच्यातले पाच भेद नित्य मानतात.

तेव्हा मध्यमाताई, तुमचा कायद्यातला एकतत्त्ववाद यांपैकी कोणता? देशोदेशीचे कायदे खरे की व्यवहारापुरते?

मध्यमा

रामानुजांच्या सर्वांत जवळचा. देशाचा कायदा आभास नाही. तो एका मोठ्या व्यवस्थेचं अंग आहे, अंग म्हणूनच खरा.

कलम_93

इथेच तुमचा केल्सन तुम्हाला सोडून जातो. शिखरावर आंतरराष्ट्रीय कायदा ठेवा की देशाचा, तर्काच्या दृष्टीने दोन्ही मांडण्या चालतात, निवड राजकीय आहे, असं तोच सांगतो. रामानुजांच्या दर्शनात ब्रह्म आणि शरीर यांची अदलाबदल करून दाखवा बघू.

साधा_नागरिक

मला एकतत्त्ववादाच्या मूळ भूमिकेचीच भीती वाटते. करार कोण करतं? सरकार. भारतात अनुच्छेद 253 संसदेला करार अमलात आणण्यासाठी कायदा करायचा अधिकार देतो, पण सही करण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावीच लागते असं नाही. सही झाली की करार थेट कायदा झाला असता, तर निवडून दिलेल्या सभागृहाला वळसा घालून माझ्यावर बंधनं आली असती. द्वैतवाद हे माझं संरक्षण आहे.

मध्यमा

या संरक्षणाची किंमतही बघा. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा करार भारताने 1993 मध्ये स्वीकारला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध संसदेचा कायदा आला 2013 मध्ये. मधल्या काळात आधार होता तो 1997 च्या विशाखा निकालाचा. तिथे सर्वोच्च न्यायालयाने त्या कराराच्या प्रकाशात मूलभूत हक्कांचा अर्थ लावून मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. 1980 च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यातही तसंच, फक्त तिथला करार वेगळा. करार आपोआप कायदा होत नाही असं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी म्हटलं खरं, पण दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 51 त्यांनी असं वाचलं की निव्वळ ऐपत नाही म्हणून ऋणकोला कैदेत टाकता येऊ नये. मतात द्वैत, हातून घडलं ते एकत्व. न्यायाधीशाला समोरच्या माणसाला न्याय द्यायचा असतो तेव्हा दोन कायद्यांमधली ती भिंत अशीच आडवी येते.

साधा_नागरिक

आणि कधी तीच भिंत त्या माणसाला वाचवते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दहशतवादाशी संबंधित संशयितांच्या यादीत नाव आलं म्हणून कादी नावाच्या माणसाची युरोपात मालमत्ता गोठवली गेली. बाजू मांडायची संधी नाही. 2008 मध्ये युरोपीय न्यायालयाने मालमत्ता गोठवणारा युरोपीय नियम त्याच्यापुरता रद्द ठरवला. आमची व्यवस्था स्वायत्त आहे आणि तिच्यातले मूलभूत हक्क बाहेरच्या करारामुळे बाजूला पडत नाहीत, या आधारावर. तुमच्या एकाच व्यवस्थेत सुरक्षा परिषद शिखरावर असती तर कादीने दाद कुठे मागितली असती?

मध्यमा

त्याच व्यवस्थेत. मानवी हक्कांचा आदर हे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनेच उद्दिष्ट ठरवलंय, आणि सुरक्षा परिषदेने सनदेच्या उद्दिष्टांनुसार वागलं पाहिजे असं सनदेचा अनुच्छेद 24 सांगतो. शिखर म्हणजे परिषद नव्हे, तिलाही बांधणारा कायदा आहे.

कलम_93

बांधणारा आहे, मान्य. पण परिषदेने तो मोडला हे बंधनकारकपणे ठरवणारं न्यायालय त्या शिखरावर दाखवा. ते मिळेपर्यंत मी ट्रीपेलची दोन वर्तुळं सोडणार नाही.