प्रतिसाद : घरच्या नक्षीकामासाठी सीएनसी राउटर घ्यावा का?

देव्हाऱ्याची नक्षी घरीच कोरता यावी म्हणून सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र) घ्यावा का, या आपल्या प्रश्नावर आतापर्यंत किमतीचीच चर्चा झाली. मला वेळेबद्दल लिहावेसे वाटते. ३०० मिमी चौरस फळीवर उठावाची नक्षी काढताना गोल टोकाचे बिट (कोरणारे पाते) दर फेरीला ०.३ मिमी सरकवले, तर हजार फेऱ्या होतात, आणि मिनिटाला १५०० मिमी वेग धरला तरी शेवटचा हात फिरायलाच तीन तास वीस मिनिटे लागतात. आमच्या खानापूर भागात, विशेषतः पावसाळ्यात, तेवढा वेळ वीज सलग राहीलच असे नाही. ती मध्येच गेली की बिट सरकवणाऱ्या साध्या स्टेपर मोटरची (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरची) जागा चुकते. माझ्या सागवानी फळीवरच्या कमळाची एक पाकळी अशीच मधोमध चिरली गेली. त्यामुळे होमिंग स्विच (यंत्राला आरंभीची जागा पुन्हा शोधून देणारी कळ) नसलेले यंत्र, कितीही स्वस्त असले तरी, कृपया घेऊ नये. शिवाय तीन अक्षांचे यंत्र वरूनच कोरते, पाकळीखाली आत वळलेली खाच शेवटी पटाशीनेच काढावी लागते. वर्षाला दोन-तीनच देव्हारे करणार असाल, तर फळ्या बेळगावात मजुरीवर कोरून घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.