मदत हवी आहे: कमी खर्चात बोटीवर राहायचंय, पण पावसाळ्यात बोट ठेवायची कुठं?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. इथं समुद्रातलं कळणारं कुणी ओळखीचं नाही म्हणून धागा काढतोय. मी आणि आमच्या मिसेस, दोघं पन्नाशीच्या पुढं, पोरं पुण्याला नोकरीत. यंत्रमागाच्या मोटारी रिवायंडिंगचं दुकान होतं ते आता भाड्यानं दिलंय, ते भाडं आणि थोडं व्याज धरून महिन्याला २२ हजार येतात. तेवढ्यात कोकणात एका जुन्या फायबरच्या बोटीवर राहायचं आणि या खाडीतनं त्या खाडीत हळूहळू जायचं असं लई दिवसापासून दोघांच्या मनात आहे. चार दिवसाची हौस नाही, खरंच राहायचंय.

रत्नागिरीजवळ एक बोट बघून आलोय, मासेमारीची, २८ फुटी, डिझेल इंजिन. इंजिन-वायरिंग मी स्वतः करतो, त्याचं टेन्शन नाही. १०० वॉटची दोन सोलर पॅनल लावली की चांगल्या उन्हात दिवसाला पाऊण युनिट मिळतं, त्यात बारा व्होल्टचे दोन पंखे, एलईडी, मोबाईल सगळं निघतं. लेड ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते म्हणून १५० ॲम्पिअर-अवरची धरलीय. फ्रिज नको. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी इथं कित्येक दिवस टिकते, फक्त खाऱ्या हवेत भाकरी मऊ पडते का ते तिकडच्या लोकांनी सांगा.

अडलंय ते पावसाळ्यावर. वर्षाचा हिशोब मांडायला बसलो की जून ते सप्टेंबरला येऊन थांबतो. बोटीचा मालक म्हणतो खाडीत आतल्या बाजूला बांधून ठेवा काही होत नाही, मला ते पटत नाही, बरं वर काढायची म्हटलं तर कुठं, कशी आणि त्याला माणसं किती लागतात? दुसरं म्हणजे कागदपत्रं. बोट मासेमारीच्या नावावर, आम्ही मासे धरणार नाही नुसतं राहणार, तर कुणाकडं जायचं? तिसरं, स्वयंपाकाला नेहमीचा सिलिंडर आत ठेवला तर चालेल का? मे २०२४ ला उजनीत कुगाव आणि कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, तेव्हापासून मिसेसची अट आहे की लाईफ जॅकेट अंगावर असल्याशिवाय बोटीत पाय नाही. मलाही ते मान्य आहे. कुणी असं राहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

उत्तर:

काका, मी देवगडचा, घरची होडी आहे. खाडीत बांधून ठेवायचं मनातून काढून टाका. पावसात नदीचं पाणी ओंडके घेऊन जोरात उतरतं, दोर घासून तुटतात, आणि तुम्ही सोलापुरात असताना आत साठलेलं पावसाचं पाणी उपसणार कोण? आमच्याकडे मे अखेरीला अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती बघून होडी वर ओढतात आणि ताडपत्री नाहीतर झावळ्यांनी शाकारतात. खर्च मुख्यतः मजुरीचा, म्हणून जागा गावातल्या माणसांशी बोलून आधी ठरवा, बोट नंतर घ्या. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, नारळी पौर्णिमेला होड्या निघतात, पण तुम्हाला राहायचंय तर ऑक्टोबर उजाडू द्या. बुडाला शिंपल्या धरू नयेत म्हणून लावतात तो रंग पाण्यात उतरवायच्या जरा आधीच लावा.

गॅस आत अजिबात नको. तो हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या बुडात साठून राहतो आणि एका ठिणगीत सगळं जातं. सिलिंडर वर उघड्यावर, नाहीतर सरळ रॉकेलचा स्टोव्ह.

रत्नागिरी ते विजयदुर्ग साधारण २५ सागरी मैल, ताशी चार मैलांनी सहा-सात तास. पहाटे मतलई म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर निघा. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा वाढतो, दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो पण परत येताना तोंडावर, डिझेल तिथेच जास्त जळतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल तर ओहोटीत शिरू नका. नांगराची दोरी भरतीच्या खोलीच्या पाच ते सातपट सोडा. व्हीएचएफ म्हणजे बोटीवरचा वायरलेस घ्याच, मदत मागायला चॅनेल १६, आणि कोस्ट गार्डचा १५५४ नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा.

कागदांचं बंदर निरीक्षकाच्या ऑफिसात जाऊन विचारा, मालकाच्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका. आणि भाकरी मऊ पडते हो, घट्ट झाकणाचा डबा आणा.

धागाकर्ता:

भाऊ, लई उपकार झाले. मग असं करतो, आत्ता ॲडव्हान्स देत नाही. मे अखेरीला उधाणाच्या भरतीला आम्ही दोघं तिकडं येतो, ती बोट वर काढतानाच बूड उघडं बघायला मिळेल. फायबर ठोकून बघतात म्हणे, आवाज बदबद आला की आत पाणी शिरलंय. बुडाला कुठं कुठं ठोकून बघायचं आणि इंजिनच्या खालच्या फाउंडेशनला काय तपासायचं, एवढं सांगा.