मदत हवी आहे : घोडीचा पाय थंडीत पुन्हा आखडतोय, फिरवू की थांबवू?

नमस्कार. आमची घोडी मारवाडी, पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं), सात वर्षांची. शहादा तालुक्यात शेतावरच असते. दसऱ्याच्या मिरवणुकीत काँक्रीटवर नाचताना तिचा पुढचा डावा पाय घसरला. रात्रीपर्यंत नळीमागची शीर (गुडघ्याखालच्या हाडामागचा दोरीसारखा कंडरा, रक्ताची शीर नव्हे) बोटभर फुगली, हात लावू देईना. डॉक्टरांनी शीर ताणली गेल्याचं सांगितलं. पाच दिवस औषधं, दिवसातून तीनदा पंधरा-वीस मिनिटं गार पाण्याची धार, पट्टी, आणि ठाणावरून (बांधायच्या जागेवरून) हलवायचं नाही. सोनोग्राफीची सोय जवळपास नव्हती, ती राहिलीच. पाचव्या आठवड्यापासून मोरखी (तोंडावरची दोरी) धरून सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं चालवतोय, आता वीस.

आज आठ आठवडे झाले. सूज जवळपास उतरली होती, मी निश्चिंत होतो. पण थंडी पडल्यापासून सकाळी साडेसहाला बाहेर काढली की पहिली पावलं अडखळत टाकते. ऊन वर येईपर्यंत सरळ चालायला लागते. आबा म्हणतात, "माझा गुडघा नाही का धरत सकाळी? तसंच आहे ते." आठवड्यावर दत्तजयंती आली आहे. गेल्या वर्षी सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत ती नाचली तेव्हा रिंगणाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. यंदाही न्यायची असं आबांनी पाहुण्यांना सांगून टाकलंय.

हे थंडीचं आखडणं, की शीर अजून कच्ची आहे? घरबसल्या कसं ओळखायचं? शिवाय थंडी म्हणून आबांनी चंदीत (दाण्याच्या खुराकात) हरभरा आणि गूळ वाढवलाय. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद १
मी बरीच वर्षं घोडे सांभाळले आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. यात्रेला नेऊ नका. ताणलेल्या शिरेची सूज आणि लंगडणं काही आठवड्यांत कमी होतं, घोडं बरं दिसतं. पण आतले तंतू भरून पुन्हा ताण सोसायला नऊ ते बारा महिने लागतात. माणसं फसतात ती नेमकी या मधल्या काळात. नाचात सगळा भार मागून पुढे आणि पुढून मागे असा झटक्याने येतो. त्याच जागी शीर पुन्हा गेली तर पहिल्यापेक्षा वाईट जाते.

ओळखायचं असं. आधी ठाणावर, चालवण्यापूर्वी, दोन्ही पुढच्या पायांच्या शिरा वरून खाली चिमटीत धरून बघा. जाडी, ऊब आणि दाबल्यावर पाय ओढून घेते का, हे डाव्या-उजव्याशी ताडून पाहा. मग सपाट, टणक मुरमावर मोरखी सैल सोडून वीस पावलं दुडकी (हलक्या धावेने) चालवा आणि समोरून मोबाइलवर चित्रण करा. दुखरा पुढचा पाय टेकला की घोडं मान वर उचलतं, चांगला पाय टेकला की खाली जाते. थंडीने आखडलेलं घोडं बहुधा चारही पायांनी जड चालतं. एकच पाय धरत असेल तर तो जुना मार समजा.

दुडकी एवढ्या परीक्षेपुरतीच. रोजचं फिरवणं कदम चालीनेच (साध्या चालण्यानेच) ठेवा, आणि ते साडेसहाला नको, नऊनंतर. नदीच्या खोल वाळूत तर मुळीच नेऊ नका, वाळूत शिरेवर ताण वाढतो.

प्रतिसाद २
चंदीबद्दल. उभ्या घोड्याला भरपूर दाणा आणि गूळ दिला की अंगावर येतं. स्नायू धरतात, खुरातही दाह होऊ शकतो, मग एका पायाचे चार पाय होतील. थंडीत ऊब हवी तर वैरण वाढवा. कडबा, सुकं गवत पचताना पोटात उष्णता तयार होते. पाणी कोमट द्या. गार पाणी घोडी कमी पिते, आणि सुकी वैरण खाऊन पाणी कमी पडलं तर पोटशूळ होऊ शकतो. ठाणाखाली जाड पाचट घाला. नाल किती दिवसांपूर्वी मारले? टाचा खाली दबल्या असतील तर शिरेवर सतत ताण राहतो. नालबंदाला पाच-सहा आठवड्यांनी बोलवाच.

आणि सोनोग्राफी करा. आणंद, नवसारी, परळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घोड्याच्या पायाची सोय आहे का, हे फोन करून विचारून मगच निघा. दुखण्याचं इंजेक्शन देऊन मात्र यात्रेला उभी करू नका. दुखणं कळेनासं झालं की ती बिनधास्त पाय आपटेल.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काल चित्रण केलं. डावा पाय टेकला की मान वर जाते, प्रत्येक वेळी. दुडकीनंतर तासाभराने डावी शीर उजवीपेक्षा स्पष्ट गरम लागली. चित्रफीत आबांनी तीनदा पाहिली. काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःच बादलीतला हरभरा अर्धा परत पोत्यात ओतला आणि चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं. सारंगखेड्याला आम्ही दोघंच जाणार, ती घरी राहील. शेवटचे नाल नवरात्राआधीचे आहेत, नालबंद परवा येतो म्हणालाय.

एक शेवटचं विचारायचंय. सोनोग्राफीसाठी टेंपोतून पाच-सहा तासांचा प्रवास होईल. तिला गाडीत तोंड पुढे करून उभी करू की मागे? आणि पट्टी फक्त डाव्या पायाला बांधायची की पुढच्या दोन्ही?