उत्तर: कॅनडाचे १०९५ दिवस आणि आधीचे अर्धे दिवस

"कॅनडाच्या नागरिकत्वासाठी पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) मिळाल्यावर पुरी तीन वर्षं थांबावंच लागतं" असं बरेच जण सांगतात, ते अर्धंच खरं आहे. नागरिकत्वाच्या अर्जाच्या तारखेपासून मागे मोजलेल्या पाच वर्षांत १०९५ दिवस कॅनडात हजर असणं ही अट बरोबरच. पण पीआरच्या आधी विद्यार्थी किंवा वर्क परमिटवर काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. मी दोन वर्षं शिकायला होतो, त्याचे पूर्ण ३६५ मिळाले आणि पीआरनंतर ७३० दिवसांतच काम झालं. मात्र अर्ज लांबवला की जुने दिवस पाच वर्षांच्या चौकटीबाहेर सरकत जातात, हे कुणी सांगत नाही!

हिशेबात मी फसलो तो भारतवारीपायी. वडिलांच्या ऑपरेशनला गेलो ते दिवस वजा करायला विसरलो, नंतर जुनी विमानाची तिकिटं ईमेलात शोधत बसलो. जायचा आणि परतायचा दिवस मात्र कॅनडातलाच धरतात. तरी दहा-पंधरा दिवस जास्तीचे होऊ द्या, मगच अर्ज टाका.

नागरिकत्वासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची भीती ज्यांना वाटते त्यांच्यासाठी: इंग्रजी माध्यमातल्या पदवीची कागदपत्रं भाषेचा पुरावा म्हणून चालतात, पदवी भारतातली असली तरी. माझं पुण्याचंच चाललं. आणि हो, कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यामुळे जुन्या भारतीय पासपोर्टवर तिकीट काढून ठेवू नका, तो आधी सरेंडर करावा लागतो.