सणाला मसाल्याची भेट : दिलेली, मिळालेली, फसलेली (अनुभव धागा)

गेल्या वर्षी सणाला मी मोठ्या जाऊबाईंना घरी केलेल्या मसाल्याची बरणी दिली होती. परवा त्यांच्या फडताळात काही शोधताना तीच बरणी मागच्या ओळीत, जवळजवळ भरलेली सापडली. मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “अगं, वास फार छान होता, पण कशात घालायचा आणि किती, ते तू सांगितलंच नाहीस. भाजी बिघडेल म्हणून हात लावला नाही.” बरणीला फीत बांधण्यात मी अर्धा तास घालवला होता आणि चार ओळींची चिठ्ठी लिहायची मात्र राहून गेली होती. मसाला घरचा असो वा विकतचा, तो समोरच्याच्या रोजच्या स्वयंपाकात उतरला तरच त्या भेटीला अर्थ आहे, असे मला मनापासून वाटते. आपण दिलेल्या किंवा आपल्याला मिळालेल्या मसाल्यांचे पुढे काय झाले, ते कृपया सविस्तर लिहावे. फसलेले प्रयोग तर आवर्जून लिहावेत.

*

माझा प्रयोग ओलाव्यामुळे फसला. बारा बरण्या भरायच्या होत्या आणि वेळ थोडा होता, म्हणून भाजलेला मसाला कोमट असतानाच दळला आणि लगेच भरून झाकणे घट्ट लावली. मिक्सरमध्ये दळताना मसाला पुन्हा तापतो, हे मी लक्षातच घेतले नव्हते. आठ-दहा दिवसांनी एका मैत्रिणीने कळवले की मसाल्याचा गोळा झाला आहे आणि वर पांढुरकी बुरशी दिसते आहे. मी बाराही घरी फोन करून मसाला टाकून द्यायला सांगितले, आणि ते सांगताना मला फार वाईट वाटले. नंतर घरी उरलेली एक बरणी नीट पाहिली, तेव्हा झाकणाच्या आतल्या रबरी कडीखाली पाण्याचे थेंब दिसले. धुतलेली झाकणे वरून पुसली होती, पण त्या खाचेतले पाणी तसेच राहिले होते. आता मी बरण्या आणि झाकणे आदल्या दिवशी धुऊन रात्रभर उघडी ठेवते, आणि मसाला भाजल्यावर एकदा व दळल्यावर पुन्हा एकदा परातीत पसरून पूर्ण गार करते. मीठही मिसळत नाही, कारण ते दमट हवेत ओल धरते आणि घेणाऱ्याला आपल्या चवीने घालता येत नाही.

*

चिठ्ठीचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. चिठ्ठीत कृती नसली तरी एक वेळ चालेल, पण घटकांची पूर्ण यादी हवीच. कार्यालयातील एका सहकाऱ्याला मी दिलेल्या मसाल्यात भाजलेले तीळ होते आणि त्याच्या मुलीला तिळाची अ‍ॅलर्जी आहे. त्याने वापरण्यापूर्वी विचारले म्हणून अनर्थ टळला. मसाल्यात अशी काही जोखीम असेल, असे तोपर्यंत माझ्या मनातही आले नव्हते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ज्या १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची नोंद वेष्टनावर करावी लागते, त्यांत तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत. अमेरिकेतही १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख बंधनकारक झाला आहे. विकतच्या पाकिटावर जे छापलेले असते, ते घरच्या बरणीवर आपणच लिहायला हवे. त्याच भांड्यात आधी शेंगदाणे किंवा काजू दळले असतील, तर तेही लिहावे.

*

वरील अनुभवाला जोडून थोडेसे. मावशींवर केमोथेरपी चालू असताना त्यांच्या आहारतज्ज्ञांनी पदार्थ शिजल्यानंतर वरून मसाला भुरभुरायला मनाई केली होती. कोरड्या मसाल्यात साल्मोनेलासारखे जंतू वाढत नसले तरी बराच काळ जिवंत राहू शकतात. तेव्हापासून मी प्रत्येक बरणीवर ‘शिजतानाच घालावा’ असे ठळक लिहिते.

*

विकतच्या मसाल्याची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. मला घरी मसाला करणे जमत नाही आणि विकतचा देण्यात मला कमीपणाही वाटत नाही. मात्र तो आपल्या बरणीत ओतून घरचा म्हणून देऊ नये, कारण पाकिटाबरोबर त्यावरची पॅकिंगची तारीखही हरवते. एकदा मला भेट मिळालेला मसाला चांगलाच तिखट होता, पण त्याला वासच नव्हता. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे असतो ते सहसा उडून जात नाही. लवंग-दालचिनीचा सुगंध मात्र त्यांच्या तेलांत असतो आणि दळल्यावर ती तेले झपाट्याने उडतात. त्यामुळे जुना मसाला जिभेला झोंबतो, पण पदार्थाला सुवास देत नाही. हल्ली मी दळलेल्याऐवजी चांगला खडा मसाला आणि एक लहान खलबत्ता देतो. खडा मसाला कितीतरी जास्त टिकतो आणि घेणाऱ्याला हवा तेव्हा, हवा तेवढा कुटता येतो.

*

काचेच्या बरण्या सुंदर दिसतात म्हणून लोक त्या खिडकीत मांडतात आणि हळद-मिरचीचा रंग उजेडाने उतरतो. मी खाकी कागदात गुंडाळून देते आणि ‘अंधारात, शेगडीपासून दूर’ एवढेच लिहिते.

*

आमच्या आईचे प्रमाण मुठीत असे: धणे दोन मुठी, जिरे एक मूठ, दालचिनी बोटभर, लवंगा मोजून वीस. सणाला भावंडांना नुसता मसाला न देता त्याचे प्रमाणही द्यावे, असे मी ठरवले आणि वजनकाटा घेऊन तिच्यासमोर बसले. ती धण्यांची मूठ वाटीत सोडत होती आणि मी आकडा लिहून घेत होते. पहिली मूठ १८ ग्रॅम भरली, दुसरी २१, तिसरी पुन्हा १८. “आता हातात तेवढं मावत नाही गं,” ती म्हणाली. संधिवाताने तिची बोटे पूर्ण मिटत नव्हती. मग आम्ही आकडे बाजूला ठेवून चवीवर गेलो. तीन वेळा थोडा थोडा मसाला केला. तिसऱ्या वेळी तिने चिमूटभर तळहातावर घेऊन हुंगला, जिभेवर ठेवला आणि मान डोलावली. त्या वेळची वजने मी चार कार्डांवर लिहिली आणि प्रत्येक बरणीला एकेक बांधले. धाकट्या भावाने बरणी तीन आठवड्यांत संपवली आणि नंतर कार्ड पाहून स्वतः मसाला केला. आयुष्यात त्याने पहिल्यांदाच धणे भाजले होते.

*

मी एकटा राहतो आणि स्वयंपाक जेमतेम येतो. आत्याने दिलेल्या बरणीवर ‘दोन माणसांच्या भाजीला सपाट पाऊण चमचा, तेलात दहा सेकंद, मग लगेच भाजी’ असे लिहिले होते. त्या एका ओळीच्या आधाराने मी आठवड्यातून चार दिवस घरी जेवू लागलो. बरणी संपल्यावर धुऊन परत पाठवली आणि आत चिठ्ठी ठेवली की मिरी मला थोडी जास्त वाटते. मोठ्यांना असे कळवावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला होता. काल तीच बरणी भरून आली. तिच्यावर तारखेखाली आत्याच्या अक्षरात लिहिले आहे, ‘मिरी निम्मी केली आहे. आता कसा लागतो ते कळव.’