प्रति: मोबाईल कॅमेऱ्याने प्लास्टिक ओळखता येईल का?
प्लास्टिक कुठल्या प्रकारचं आहे हे ओळखायला मोबाईलच्या कॅमेऱ्यावर भागेल का, असं वर विचारलंय. नाही भागणार. कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर साधारण ११०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडापुढे आंधळा, आणि प्लास्टिकची ओळख नीट पटते ती १२०० ते १७०० नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात. तिथे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा फोटोडायोड (उजेड मोजणारा सेन्सर) लागतो. तो भाग महाग असतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या 'प्लास्टिक स्कॅनर' या उपकरणाने स्पेक्ट्रोमीटर (उजेडाचं तरंगलांबीनुसार विभाजन करून मोजणारं यंत्र) टाळून वेगवेगळ्या तरंगलांबीचे एलईडी आळीपाळीने पेटवले आणि प्लास्टिकवरून परतलेला उजेड मोजला. आराखडा सर्वांना खुला आहे. काळ्या डब्यांपुढे मात्र हात टेकावे लागतात, त्यातली काजळी उजेड गिळते.

पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि पीई (पॉलिथिलीन) ही प्लास्टिकं पाण्यावर तरंगतात, ते बादलीतच निवडा. पेट (पीईटी, बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) दोन्ही बुडतात, म्हणून बादलीत वेगळी होत नाहीत. सेन्सरचा खर्च तिथे करा. आणि जाळून वास घेण्याची भंगारवाल्यांची युक्ती नकोच, पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू असतो.